टायची कमान मध्येच का तुटते?

एका कॉयरसाठी मी काही वर्षांपूर्वी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी, टाइप करून दिलं होतं. सोप्रानो (वरच्या पट्टीत गाणाऱ्या) आणि आल्टो (खालच्या पट्टीत गाणाऱ्या) एकाच स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या एकाच संचावर होत्या. सोळाव्या बारपर्यंत (बार म्हणजे उभ्या रेषांनी आखलेला मात्रांचा एक गट) दोघींचा सूर एकच, सतराव्या बारला त्या वेगळ्या होतात: सोप्रानो वर चढते आणि आल्टो आधीचाच सूर धरून ठेवते. शब्द नव्हते, नुसता ‘आ’कार होता. तालमीत सतराव्या बारला पोचल्यावर आल्टोंनी तो सूर नव्याने घेतला. एका अखंड सुराचे दोन तुकडे झाले. मी पान हातात घेऊन पाहिलं तर त्या दोन नोटांना जोडणारी कमान, जिला टाय म्हणतात, छापलेलीच नव्हती. चूक गाणाऱ्यांची नव्हती, पानावर जे होतं तेच त्या गायल्या.

फाइल उघडली तर टायचं चिन्ह तिथे होतं. मी ते लिहिलं होतं. पान तयार करताना लिलीपाँड या नोटेशनच्या प्रोग्रॅमने एक ओळीची सूचनाही दिली होती: टाय सुरू झाला, पण संपला नाही. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे. दोन नोटांमधली एक बारीक कमान ही कागदावर पेन्सिलने अर्ध्या सेकंदात काढायची गोष्ट आहे. मग कॉम्प्युटर तिथे का अडतो? आणि अडला की आपण काय करायचं? टाइप करायला नव्याने बसलेल्यांना हे नीट उलगडून सांगणारं फारसं मिळत नाही, म्हणून हा लेख.

आधी दोन कमानींमधला फरक. दिसायला दोन्ही सारख्या, अर्थ मात्र अगदी वेगळा. टाय एकाच उंचीच्या दोन लागोपाठच्या नोटांना जोडतो आणि सांगतो की हा सूर एकच आहे, दुसरी नोट पुन्हा वाजवू नका, पहिलीच तेवढी लांबवा. स्लर साधारणपणे वेगवेगळ्या उंचीच्या नोटांवरून जातो आणि सांगतो की या नोटा सलग घ्या. व्हायोलिनवाल्यासाठी त्याचा अर्थ एका गजात, बासरीवाल्यासाठी जिभेने न तोडता एका फुंकरीत, गाणाऱ्यासाठी बहुतेक वेळा एकाच अक्षरावर. स्लर म्हणजे मींड नव्हे, हेही सांगून ठेवतो. मींडेत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. स्लरमध्ये प्रत्येक सूर आपापल्या जागी स्वच्छ लागतो, फक्त मध्ये फट राहत नाही.

थोडक्यात, टाय मोजणीचा भाग आहे आणि स्लर गायन-वादनाच्या रीतीचा. टाय काढून टाकला की संगीतातल्या सुरांची संख्याच बदलते. स्लर काढला तर सूर तेवढेच राहतात, त्यांचा बाज बदलतो. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता ‘व्हॉइस’. इथे मी आवाज हा शब्द मुद्दाम टाळतोय, कारण नोटेशनमध्ये व्हॉइस म्हणजे ऐकू येणारा आवाज नव्हे. व्हॉइस म्हणजे एका स्टाफवर चालणारी एक स्वतंत्र ओळ, जिची स्वतःची लय असते. एकाच स्टाफवर दोन ओळी चालल्या तर वरच्या ओळीच्या दांड्या (नोटेच्या गोल डोक्याला लागलेल्या उभ्या रेघा) वर आणि खालच्या ओळीच्या दांड्या खाली काढतात, म्हणजे वाचणाऱ्याला कुठली नोट कुणाची ते कळतं. कमानीही तशाच: वरच्या ओळीच्या वरून, खालच्या ओळीच्या खालून. सिबेलियस आणि म्यूजस्कोर या नोटेशनच्या प्रोग्रॅममध्ये एका स्टाफवर चार व्हॉइस मिळतात, डोरिकोमध्ये कितीही घेता येतात.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला बाखचं वाटतं. १७२२ साली पुरा झालेल्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’ या कीबोर्डसाठीच्या रचनांच्या संग्रहाच्या पहिल्या खंडातलं पहिलंच प्रिल्यूड, सी मेजरमधलं. ऐकताना एकामागून एक येणाऱ्या सोळाव्या भागाच्या नोटांची एक अखंड माळ ऐकू येते. कुणालाही वाटेल की एका ओळीत सगळं लिहून होईल. पण बाखने तिथे तीन ओळी लिहिल्या आहेत. अर्धा बार घेऊन पाहा, म्हणजे दोन बीट (मात्रा). क्वार्टर नोट एक बीटची, हाफ दोनची, एट्‌थ अर्ध्याची, सोळावा भाग पाव बीटचा, आणि डॉटेड म्हणजे दीडपट. सगळ्यात खालची नोट हाफ नोट आहे, ती दोन्ही बीट दाबून ठेवायची. दुसरी ओळ सोळाव्या भागाच्या विश्रांतीने सुरू होते, मग एक डॉटेड एट्‌थ नोट येते आणि ती टायने पुढच्या क्वार्टर नोटला बांधलेली असते. तिसरी ओळ एट्‌थच्या विश्रांतीनंतर सहा सोळावे भाग वाजवते. हिशोब करून पाहा, प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे दोन बीट भरते.

त्या मधल्या टायकडे नीट पाहा. त्याच्या दोन टोकांच्या मध्ये वरच्या ओळीच्या नोटा वाजून जातात, तरी टायला त्यांचा काही उपद्रव नाही, कारण तो आपल्या ओळीत आहे आणि त्या ओळीत त्याच्या दोन नोटा लागोपाठ आहेत. हेच सगळं एका व्हॉइसमध्ये कोंबलं तर टायला जागाच उरत नाही: त्याच्या नोटेच्या लगेच पुढे वेगळ्याच उंचीची नोट येते. आणि बोटं दाबून धरायची सूचना पानावरून नाहीशी होते. व्हॉइसची विभागणी इथे नुसती टापटीप नाही, तिच्यात संगीत आहे.

बाखच्या या पानात टाय आपल्या ओळीच्या आत राहतो, म्हणून कॉम्प्युटरलाही ते सहज जमतं. पंचाईत होते ती कमान एका ओळीतून निघून दुसऱ्या ओळीत उतरते तेव्हा.

धातूच्या पत्र्यावर नोटेशन कोरणाऱ्या जुन्या कारागिरांपुढे हा प्रश्न नव्हता. नोटांची डोकी ते ठशाने ठोकत आणि कमानी कोरणीने हाताने काढत. त्यांच्या डोळ्यांपुढे पत्र्यावर फक्त आकार असत. या डोक्यापासून त्या डोक्यापर्यंत कमान हवी, तर तिथून तिथे कोरणी चालवायची. व्हॉइस ही गोष्ट त्यांच्या समजुतीत होती, पत्र्यावर नव्हती.

कॉम्प्युटरमध्ये मात्र व्हॉइस ही खरीखुरी वस्तू आहे. ती एक पेटी आहे असं समजा. प्रत्येक नोट कुठल्या ना कुठल्या पेटीत असते. कमान हीसुद्धा पेटीतलीच गोष्ट, तिची सुरुवात आणि शेवट त्याच पेटीत शोधला जातो. डोळ्याला पेट्या दिसत नाहीत, प्रोग्रॅमला मात्र आधी पेट्या दिसतात आणि मग नोटा. सगळ्या अडचणीचं मूळ एवढंच आहे.

लिलीपाँड आतून काय करतो

हे काम कसं चालतं ते लिलीपाँडमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं, कारण तिथे माउसने नोटा ठेवायच्या नसतात, सगळं मजकुरासारखं टाइप करायचं असतं. हान-वेन नीनहाउस आणि यान निउवेनहाउझन या दोघा डच मित्रांनी १९९६ साली या प्रोग्रॅमचं काम सुरू केलं. तो मोफत आहे आणि ग्नू प्रकल्पाचा भाग आहे. त्यात टायसाठी नोटेनंतर ~ हे चिन्ह लिहितात. स्लरसाठी पहिल्या नोटेनंतर ( आणि शेवटच्या नोटेनंतर ) लिहितात. लांब वाक्यांशाच्या कमानीसाठी त्याच कंसांच्या आधी बॅकस्लॅश येतो.

एक बारकावा इथेच लक्षात घ्या. टायला एकच चिन्ह आहे, स्लरला दोन. टायचं टोक आपण लिहीत नाही, प्रोग्रॅमने ते शोधायचं असतं. स्लरचं टोक आपण सांगतो. म्हणून दोघांचं तुटणंही वेगवेगळं असतं.

लिलीपाँडमध्ये स्कोअर, त्यात स्टाफ, त्यात व्हॉइस अशी एकात एक रचना आहे. प्रत्येक पातळीवर छोटे छोटे कामगार असतात, त्यांना एन्ग्रेव्हर म्हणतात. किल्ली (स्टाफच्या सुरुवातीचं क्लेफ हे चिन्ह) काढणारा स्टाफच्या पातळीवर बसतो. टाय काढणारा आणि स्लर काढणारा हे दोघे व्हॉइसच्या पातळीवर, म्हणजे प्रत्येक व्हॉइसला आपापला टायवाला आणि आपापला स्लरवाला. टायवाल्याला ~ दिसलं की तो त्या नोटेचं डोकं लक्षात ठेवतो आणि त्याच व्हॉइसमध्ये पुढे काय येतं ते पाहतो. त्याच उंचीची नोट आली की कमान जोडतो. नाही आली तर ‘टाय अपुरा राहिला’ अशी तक्रार करून सोडून देतो. शेजारच्या व्हॉइसमध्ये ती नोट डोळ्यांसमोर उभी असली तरी त्याला ती दिसत नाही, कारण ती त्याच्या पेटीत नाही.

स्लरचं तुटणं याहून बोलकं असतं. एका व्हॉइसमध्ये ( लिहून दुसऱ्यात ) लिहिलं तर दोन तक्रारी येतात. पहिल्या व्हॉइसचा स्लरवाला म्हणतो, सुरू केलेला स्लर संपलाच नाही. दुसऱ्याचा म्हणतो, मला स्लर संपवायला सांगताय, पण सुरू कुठे केला होता? ही जोडी एकत्र दिसली की समजावं, कमान व्हॉइसची भिंत ओलांडू पाहतेय.

मग माझ्या सतराव्या बारचं काय झालं होतं? मी तिथे सोपा रस्ता घेतला होता. लिलीपाँडमध्ये दुहेरी कोनी कंसांच्या आत दोन महिरपी कंस आणि त्यांच्या मध्ये दोन बॅकस्लॅश लिहिले की दोन व्हॉइस तयार होतात, पहिल्याच्या दांड्या वर आणि दुसऱ्याच्या खाली. टाइप करायला फार सोयीचं. पण हे दोन्ही व्हॉइस नवे असतात. सोळाव्या बारपर्यंत चालत आलेला मूळ व्हॉइस त्या दोघांपैकी कुणीच नाही. तो बाजूला थांबून राहतो आणि दोघे संपले की पुन्हा चालू लागतो. माझा टाय मूळ व्हॉइसमध्ये सुरू झाला आणि आल्टोची धरलेली नोट एका नव्या पेटीत पडली. दोघांच्या मध्ये भिंत.

हीच गोष्ट गाण्याच्या शब्दांनाही भोवते. शब्द मूळ व्हॉइसला बांधलेले असतील तर त्या फुटलेल्या बारमध्ये त्यांना नोटाच मिळत नाहीत. तिथे जागा रिकामी राहते आणि तिथले शब्द पुढच्या नोटांखाली सरकतात, मग पानभर अक्षरं चुकीच्या सुरांखाली. हे पाहून अनेकजण शब्दांच्या फाइलमध्ये चूक शोधत बसतात, आणि चूक असते व्हॉइसमध्ये.

उपाय, आणि मला त्यातला कुठला पटतो

पहिला उपाय म्हणजे मूळ व्हॉइस थांबू न देणं. दोन्ही ओळी नव्या काढण्याऐवजी एक ओळ मूळ व्हॉइसमध्येच चालू ठेवायची आणि फक्त दुसरीसाठी नवा व्हॉइस उघडायचा. लिलीपाँडमध्ये त्यासाठी मूळ ओळीला ‘व्हॉइसवन’ किंवा ‘व्हॉइसटू’ असा आदेश देतात, म्हणजे दांड्या आणि कमानींची दिशा ठरते, आणि दोन ओळी पुन्हा एक झाल्या की ‘वनव्हॉइस’ लिहून सगळं पूर्ववत करतात. यात प्रश्न एकच: चालू कुठली ठेवायची? सवयीने आपण वरची ठेवतो. पण टाय ज्या ओळीत जायचा आहे ती ठेवायला हवी. माझ्या बाबतीत आल्टो, म्हणजे खालची. मूळ व्हॉइसला ‘व्हॉइसटू’ म्हणायचं आणि सोप्रानोला नवा व्हॉइस द्यायचा, बस.

हा उपाय मला सगळ्यात जास्त पटतो, कारण तो संगीताला धरून आहे. टाय जिथे जातो तिथे ओळ चालू असणारच, नाहीतर टाय असता कशाला? कमान तुटली की मी आता आधी हेच विचारतो, ही ओळ खरोखर इथे संपते का, की मी टाइप करण्याच्या सोयीसाठी तिला तोडलंय? बऱ्याचदा उत्तर दुसरं असतं.

पण कधी कधी एकाच नोटेतून दोन कमानी निघतात. समजा, मागच्या बारची शेवटची नोट ‘जी’ (G) आहे. पुढच्या बारमध्ये खालची ओळ तोच ‘जी’ धरून ठेवते आणि वरची ओळ स्लरने ‘ए’ (A) वर जाते. एका नोटेला दोन व्हॉइस नाहीत, पण कमानी दोन्ही बाजूंना हव्यात. इथे लपलेल्या नोटेची युक्ती वापरतात. दुसरा व्हॉइस एक नोट आधीच सुरू करायचा, त्यात त्याच ‘जी’ची प्रत लिहायची, ‘हाइडनोट्स’ने ती अदृश्य करायची आणि कमान तिच्यापासून काढायची. लगेच ‘अनहाइडनोट्स’, नाहीतर पुढचं सगळं गायब. छापल्यावर वाचणाऱ्याला एकच नोट दिसते आणि तिच्यातून दोन कमानी.

युक्ती चांगली आहे, पण ती नोट अदृश्य असते, नाहीशी झालेली नसते. जागा अडवते. म्हणून लपलेली प्रत दिसणाऱ्या नोटेइतक्याच लांबीची घ्यावी. दिसणारी क्वार्टर आणि लपलेली हाफ असेल तर प्रोग्रॅम दोन डोकी एकमेकांवर बसवत नाही, एकाला बाजूला सरकवतो, आणि मग कमान हवेतून निघाल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे लपलेली नोट मिडीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ऐकवायच्या फाइलमध्ये, वाजते. मिडी ही १९८३ सालापासूनची पद्धत कागद पाहत नाही, तिला फक्त ‘ही नोट सुरू’ आणि ‘ही नोट बंद’ एवढंच कळतं. एकाच चॅनेलवर तीच नोट दोनदा सुरू झाली तर पहिलीचं ‘बंद’ दुसरीलाही गप्प करू शकतं. नुसतं छापायचं असेल तर हरकत नाही. सरावासाठी ऐकवायची फाइलही त्यातूनच काढणार असाल तर मिडीचा आराखडा वेगळा ठेवा, त्यात लपलेल्या नोटा येऊ देऊ नका.

तिसरा उपाय थोडा धीट आहे: भिंतच काढून टाकायची. लिलीपाँडमध्ये टायवाल्या एन्ग्रेव्हरला व्हॉइसच्या पातळीवरून काढून स्टाफच्या पातळीवर बसवता येतं. मग त्याला त्या स्टाफवरचे सगळे व्हॉइस दिसतात. कुठल्याही व्हॉइसमध्ये ~ आलं की तो पूर्ण स्टाफवर त्याच उंचीची पुढची नोट शोधतो. माझा सतरावा बार यानेही जोडला गेला असता, बाकी काही न बदलता. मात्र दोन गोष्टी हातातून जातात. ‘व्हॉइसवन’ने ठरवलेली कमानीची दिशा व्हॉइसच्या पातळीवर असते. टायवाला आता तिथे राहत नाही, त्यामुळे तो ती ऐकत नाही. दिशा पाहिजे तिथे आपल्याला ^ किंवा _ लावून सांगावी लागते. आणि दाट लिखाणात, जिथे दोन व्हॉइस एकाच सुरावर भेटतात, तिथे टाय भलत्याच नोटेला चिकटण्याची भीती असते. म्हणून हा बदल सगळ्या फाइलला न लावता ज्या स्टाफला गरज आहे तेवढ्यालाच लावावा.

स्लरवाल्यालाही असंच वर हलवता येतं, पण तिथे आणखी एक अडचण उभी राहते. स्टाफवर एकाच वेळी दोन स्लर उघडे असले तर पुढे आलेला ) कुणाचा? एका पेटीत एकच स्लर असताना हा प्रश्न येत नव्हता. त्यासाठी कमानींना नावं द्यायची सोय आहे: कंसाच्या आधी बॅकस्लॅश, बरोबरीचं चिन्ह आणि एक आकडा. १ आकड्याने उघडलेला स्लर १ आकड्यानेच बंद होतो, २ चा २ ने. हा विचार मला फार आवडतो. कमान कुठल्या पेटीत आहे यापेक्षा ती कुठली कमान आहे हे सांगणं जास्त खरं आहे.

पियानोच्या लिखाणात ओळ वरच्या स्टाफवरून खालच्या स्टाफवर उतरते, तिथे लोक उगाच घाबरतात. लिलीपाँडमध्ये ‘चेंज स्टाफ’ हा आदेश दिला की व्हॉइस तोच राहतो, फक्त नोटा दुसऱ्या स्टाफवर दिसू लागतात. पेटी बदललेली नाही, त्यामुळे स्लर आणि टाय निर्धास्त चालतात. म्हणजे डोळ्याला जिथे मोठी उडी दिसते तिथे प्रोग्रॅमला काहीच त्रास नाही, आणि डोळ्याला जिथे काहीच घडलेलं दिसत नाही तिथे तो अडतो.

आणखी दोन सोयी आहेत, त्या अगदी या विषयाच्या कडेला आहेत. एकामागून एक वाजलेल्या नोटा धरून ठेवून शेवटी त्यांची कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या नोटांचा गट) लिहायची असेल तर ‘टायवेटफॉरनोट’ ही सेटिंग चालू करतात. मग टायवाला लगेच पुढच्याच नोटेचा हट्ट धरत नाही, तो सूर येईपर्यंत थांबतो. आणि पुनरावृत्तीच्या दुसऱ्या शेवटाला मागून आलेला टाय दाखवायला ‘रिपीटटाय’ नोटेच्या आधी अर्धी कमान काढून देतो.

माउसने काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अडचण तीच, तिचं रूप वेगळं. स्लरला सहसा दोन टोकं दाखवता येतात: पहिली नोट निवडायची, शेवटची नोट निवडायची आणि एस दाबायचं. म्यूजस्कोर आणि डोरिको दोघांतही या दोन नोटा वेगळ्या व्हॉइसमधल्या असल्या तरी चालतात. टायच्या बाबतीत २०१६ साली आलेल्या डोरिकोने फार मोकळेपणा दिला: एकाच उंचीच्या दोन नोटा निवडून टी दाबलं की टाय पडतो, व्हॉइस वेगळे असोत वा स्टाफ वेगळे असोत. जिथे अशी सोय नाही तिथे लोक एक जुनी पळवाट घेतात, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

स्लरला टायचं सोंग देऊ नका

पळवाट अशी की टाय पडत नसेल तर त्याच दोन नोटांमध्ये स्लर काढायचा आणि त्याला ओढून, चपटा करून टायसारखा दिसेल असं करायचं. कागदावर फरक सहसा कळत नाही. पण प्रोग्रॅमच्या लेखी तो स्लरच आहे, आणि सुरांची संख्या अजून दोनच आहे.

याची पहिली खूण पानावरच सापडते. समजा, पहिल्या नोटेला शार्प (सूर अर्ध्या पायरीने चढवणारं चिन्ह) आहे आणि टाय बाररेषा ओलांडून जातो. खरा टाय असेल तर पुढच्या बारमधल्या नोटेला शार्प पुन्हा छापत नाहीत, कारण तो सूर अजून चालूच आहे. ओळ तिथेच तुटली आणि टाय पुढच्या ओळीत गेला तर मात्र लिलीपाँड शार्प पुन्हा दाखवतो, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. सोंग घेतलेल्या स्लरच्या बाबतीत प्रोग्रॅमला वाटतं, नवा बार, नवी नोट, म्हणून तो शार्प पुन्हा छापतो. मग माणूस तो शार्प लपवतो. एका खोट्या गोष्टीला टेकू द्यायला दुसरी. त्यानंतर कुणी सूर बदलून दुसऱ्या पट्टीत नेलं की लपवलेली चिन्हं भलतीकडे हवी असतात आणि गोंधळ वाढतच जातो.

दुसरं, ऐकवताना नोट पुन्हा वाजते.

तिसरं, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेताना. नोटेशनची देवाणघेवाण मुख्यतः म्यूझिकएक्सएमएलमधून होते. मायकल गुड यांनी तयार केलेल्या या पद्धतीची १.० आवृत्ती २००४ साली आली. तिच्यात टायसाठी दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक आवाजासाठी आणि एक दिसण्यासाठी: सूर चालू आहे ही एक गोष्ट, कमान काढली आहे ही दुसरी. स्लरची नोंद तिसरी, आणि तिला आकडा देता येतो, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या स्लरची सुरुवात आणि शेवट जुळवता येतात. सोंग घेतलेला टाय यातून जाताना स्लर म्हणूनच जातो, आणि पलीकडच्या प्रोग्रॅममध्ये स्लरसारखाच काढला जातो, जरा फुगीर, जरा उंच. फिनाले हा १९८८ सालापासूनचा प्रोग्रॅम, त्याचा विकास थांबवत असल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालं. त्यात साठलेलं काम आता दुसरीकडे न्यायचं असेल तर याच रस्त्याने न्यावं लागतं. अशा वेळी जुनी सोंगं उघडी पडतात, आणि ती एकेक करून शोधावी लागतात.

चौथं कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार आहे. ब्रेलमधल्या संगीतलिपीत टाय आणि स्लर ही दोन वेगळी चिन्हं आहेत. दिसायला सारखी वगैरे प्रश्नच नाही, बोटाखाली ती सरळ वेगळी लागतात. डिजिटल फाइलवरून ब्रेल तयार होतं तेव्हा कमान कशी दिसते याला काही अर्थ नसतो, ती काय आहे यालाच असतो. डोळ्यांना फसवून निभावलेला टाय तिथे स्लर होऊन पोचतो आणि वाचणारा तो सूर दोनदा घेतो. त्याच्याकडे पान पाहून अंदाज बांधायचा मार्ग नसतो.

म्हणून लपलेली नोट आणि सोंगाचा स्लर यात निवड करायची वेळ आली तर मी लपलेली नोट घेतो. ती निदान खऱ्या टायने जोडलेली असते.

एक शेवटची बारीक गोष्ट, दिसण्याबद्दल. टाय आणि स्लर एकाच नोटेवर आले तर टाय नोटेच्या जवळ आणि स्लर त्याच्या बाहेरून जातो. स्लर टायच्या नोटेवर संपत असेल तर तो बांधलेल्या शेवटच्या नोटेपर्यंत न्यायचा, पहिल्या नोटेवर सोडायचा नाही, कारण सूर तिथे संपलेला नसतो. व्हॉइस ओलांडणाऱ्या कमानींमध्ये ही चूक फार होते, कारण टाय एका पेटीतून जुळवलेला असतो, स्लर दुसऱ्या पेटीतून, आणि दोघांना एकमेकांची खबर नसते. कमान कुठे आदळत असेल तर लिलीपाँडमध्ये ‘शेप’ या आदेशाने तिचे चार नियंत्रणबिंदू थोडे थोडे हलवता येतात. पण आधी कमान बरोबर नोटांना जोडलेली असू द्या, आकार नंतर.

त्या कॉयरच्या फाइलमध्ये मी शेवटी यातला कुठलाच उपाय ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बसून मी दोन ओळी पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत स्वतंत्र लिहून काढल्या, सोप्रानोची एक आणि आल्टोची एक, मध्ये कुठेही न तोडता. जिथे दोघींचा सूर एकच आहे तिथे आता एका डोक्याला दोन दांड्या आहेत, एक वर, एक खाली. सोळाव्या बारची शेवटची नोट आल्टोच्या ओळीतली आहे, सतराव्याची पहिलीही तिच्याच ओळीतली, आणि त्यांच्या मध्ये ~ हे एकच चिन्ह. पान तयार करताना या वेळी एकही सूचना आली नाही, आणि पुढच्या तालमीत आल्टोंनी तो सूर बाररेषेवरून अखंड नेला.